शांतिदास गोसाईं आणि मणिपूरचा दरबार

मंडळी, 'हिंदू धर्मात धर्मप्रसारक नसतात' असं आपण बिनदिक्कत सांगत असतो. मणिपूरमध्ये हे बोललात तर लोक शांतिदास अधिकारींचं नाव घेतील. सिल्हेटकडून (आजच्या बांगलादेशातून) आलेले हे रामानंदी, म्हणजे रामभक्त, वैष्णव. मैतेई, म्हणजे मणिपूरच्या खोऱ्यातल्या मुख्य समाजाचा, राजा पामहैबा याचे ते गुरू झाले. राजा गादीवर आला १७०९ मध्ये. आपण त्याला गरीबनिवाज या नावाने ओळखतो.

दरवाजा मात्र शांतिदासांनी उघडलेला नाही. आधीचा राजा चराइरोंगबा यानेच १७०४ मध्ये वैष्णव दीक्षा घेतली होती. पण ती त्याच्यापुरती होती. शांतिदासांच्या काळात धर्म राजाज्ञा झाला. डुकराचं मांस आणि दारू यांवर बंदी आली, प्रेतं पुरण्याऐवजी जाळायची ठरली. राजाने पूर्वजांच्या अस्थीसुद्धा उकरून काढून त्यांना अग्नी दिला! गावोगावच्या लाइंची, म्हणजे स्थानिक देवतांची, देवळं पाडली गेली, आणि काही देवतांची पूजा ब्राह्मणांकडे सोपवली गेली.

मग १७३० च्या आसपास पुया जाळले गेले. पुया म्हणजे मैतेई लिपीतल्या जुन्या पोथ्या: वंशावळी, देवकथा, विधी. दरबारातल्या खोंगनांगथाबासारख्या जाणकारांनी शांतिदासांना उघड विरोध केला होता. 'पुया मैथबा' या नावाने तिथे आजही दरवर्षी त्या दहनाचं स्मरण करतात. पुढे कारभारात बंगाली लिपी रुळली.

राजाला हे का हवं होतं? माझं मत सांगतो. शांतिदासांनी त्याला मोक्षाबरोबर वंशही दिला. महाभारतातली चित्रांगदा आणि अर्जुनाचा मुलगा बभ्रुवाहन आपल्याला ठाऊक आहेत. मैतेई राजघराणं आता त्यांचं वंशज ठरलं. सात कुळांना गोत्रं मिळाली. सैन्य घेऊन ब्रह्मदेशावर वारंवार चालून जाणाऱ्या या राजाला क्षत्रियत्वाची मोहोर हवीच होती. गुरूने राजाला वळवलं हे खरं, पण राजानेही गुरूला कामाला लावलं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आणि प्रजा? मैतेई घराच्या नैऋत्य कोपऱ्यात सनामहीची, म्हणजे जुन्या धर्मातल्या घरच्या देवाची, जागा असते. तुळशीवृंदावन असलेल्या, कपाळी चंदन लावणाऱ्या घरांतही ती असते. लाइ हराओबाचा, म्हणजे त्या स्थानिक देवतांचा, उत्सवही टिकला, माईबी, म्हणजे जुन्या धर्मातल्या पुजारिणी, आजही त्यात नाचतात. दरबाराचा हुकूम त्या कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचून तिथेच थांबला.

गरीबनिवाजाची हत्या त्याच्याच मुलाच्या माणसांनी केली. शांतिदासही त्यात मारले गेले, असं सांगतात. पुढे राजाचा नातू भाग्यचंद्र कृष्णभक्तीकडे वळला, बंगालच्या चैतन्य परंपरेकडे. फणसाच्या लाकडातून गोविंदजींची मूर्ती घडवली गेली, रासलीला सुरू झाली. मणिपुरी वैष्णव म्हटल्यावर आपल्याला दिसते ती हीच रास. शांतिदासांचा राम इंफाळमधल्या एखाददुसऱ्या देवळापुरता उरला.