आठवा दिवस उलटला तरी थांबत नाही

(सांगलीत महाविद्यालयीन मुली आणि त्यांच्या आयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"अंगावरून जातंय" एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी केवढ्या, हे सांगा. पाळी साधारण 2 ते 7 दिवस चालते. आठवा दिवस उलटूनही लाल रक्त जात असेल किंवा दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, तर "उष्णता झालीय" म्हणून सब्जाचं पाणी पीत बसू नका.

पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नेहमीचं कारण म्हणजे स्त्रीबीज न सुटणं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होतं. ते गर्भाशयाच्या अस्तराला सांभाळून धरतं, आणि त्याची पातळी उतरली की अख्खं अस्तर एकदम सुटतं. चार-पाच दिवसांत काम संपतं. बीजच सुटलं नाही तर इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकटंच अस्तर वाढवत राहतं. मग पुरानंतर ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे निघतात तसं होतं, आज इथला, उद्या तिथला. वय वाढूनही हे चालूच राहिलं तर पीसीओडी (संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) आणि थायरॉइड तपासावं लागतं.

पहिल्या पाळीपासूनच रक्त जास्त जात असेल, तर मात्र दोष रक्त गोठण्यात असू शकतो. घोळणा फुटला की दहा मिनिटांतही थांबत नाही? दाढ काढल्यावर रात्रभर रक्त येत होतं? न लागता अंगावर निळे डाग उठतात? आईला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता? यातल्या दोन गोष्टींना "हो" असेल, तर प्लेटलेट मोजा आणि व्हॉन विलेब्रँड, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी पडण्याचा आनुवंशिक आजार, याची वेगळी तपासणी मागा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार असू शकतो. अशा मुलीने दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात. दिवसाला तीन सांगितलेल्या असतात, गडबडीत एखादी राहते, आणि ऐन पूजेच्या दिवशी डाग दिसू लागतात. गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी घेतली, तरीही वेळापत्रक बिघडतं.

लघवीची गर्भचाचणी सांगितली की आया रागावतात. रागावू नका. गर्भपात होत असेल किंवा गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिला असेल, तर रक्तस्राव "लांबलेली पाळी" वाटतो, आणि नळीतला गर्भ जीवावर बेततो. डॉक्टरांनी मुलीशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं म्हटलं, तर बाहेर थांबा. सोनोग्राफी पोटावरूनच होते, फक्त लघवी तुंबलेली हवी.

लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड भिजला, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा, त्यावरून लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन 12 असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो. तासगावचे बेदाणे खुशाल खा, पण तेवढ्याने तो भरत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दोन तास लांब ठेवा, आणि हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू राहू द्या.