गुणिया कोणाच्या हातात?

अध्यक्षांनी माझी ओळख ‘व्यवसाय शिक्षणाचे पुरस्कर्ते’ अशी करून दिली. पुरस्कार मी करतो, पण एका अटीवर. ती का घालतो, ते आधी सांगतो.

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली. थोडा वेळ शाळा, उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकायचा. ऐकायला काय वाईट? पण कुंभाराच्या पोरानं कुंभारच राहायचं, हा त्यातला अर्थ लोकांच्या लगेच लक्षात आला. विरोध पेटला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना गुंडाळली गेली.

म्हणून ‘खेड्यातल्या मुलांना हाताचं काम शिकवा’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या मुलांना? ‘याला गणित जमत नाही, आयटीआयला टाका,’ म्हणणारे आपणच ना? (आणि मुलीसाठी स्थळ बघताना वर्कशॉपवाला नको, शिपाई चालेल, म्हणणारेही आपणच.)

गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेलं वेगळं होतं. हस्तोद्योग हा जादा विषय नव्हे, त्याच्यातूनच बाकीचे विषय शिकवायचे. आपल्या शाळांनी त्याचा कार्यानुभवाचा तास केला. क्रेप कागदाची फुलं! परीक्षा जवळ आली की तोही तास इंग्रजीच्या सरांना.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय पुढे माध्यमिक शाळांत गेला. वेल्डिंग-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, स्वयंपाक-आरोग्य. चारही गोष्टी वर्गातल्या सगळ्यांना, मुलगा असो की मुलगी. माझी अट हीच.

समजा, फाटक करायचंय. लोखंडी अँगल कापण्याआधी मापं घ्या, वाया जाणारे तुकडे धरा, वेल्डिंगचे रॉड, रंग, मजुरी मांडा. चौकटीला वेल्डिंगचे कच्चे टाके मारले की कोपऱ्याला गुणिया, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचा. चौकट मोठी असेल तर दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. सारखे आले तर पक्कं वेल्डिंग. नाही आले तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडा मारायचा आणि पुन्हा मोजायचं. आयताचे कर्ण समान असतात, हे फळ्यावर सांगून जेवढं कळतं त्याहून इथं जास्त कळतं. वहीत चुकलं तर लाल रेघ येते. इथं फाटक बसत नाही आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.

पोटापाण्याचं म्हणाल, तर गावात काम आहे. पंपाच्या मोटारी जळतात, ठिबकच्या नळ्या तुंबतात, शेड उभ्या राहतात. पण नुसता हात चालून धंदा चालत नाही. कोटेशन लिहायला, उधारी मांडायला, बँकेचा फॉर्म समजून घ्यायला पुस्तकच लागतं. ते काढून घेऊन हातात पाना दिलात, तर तो पोरगा जन्मभर दुसऱ्याच्या वर्कशॉपवर राबेल.

मुख्याध्यापक मंडळी समोर बसलीत म्हणून विचारतो. वेल्डिंग शिकवायला येणारा कारागीर बीएड नाही, म्हणून त्याचं मानधन महिनोन्महिने अडतं आणि स्टाफरूममध्ये त्याला खुर्चीही नसते. मुलं हे बघत नाहीत का?