गप्प तारांचा रियाज

मित्रहो, गिटारवर हार्ड रॉकचं गाणं बसवायला घेतलं की सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं. कुठल्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घरात) कुठलं बोट, हे टॅबमध्ये, म्हणजे तारा आणि फ्रेट दाखवणाऱ्या लिपीत, लिहिलेलं असतं आणि ते लवकर पाठही होतं. तरी गाणं तसं वाजत नाही. टॅबमध्ये वाजणाऱ्या तारा असतात; बाकीच्या तारा गप्प कशा ठेवायच्या हे ज्याचं त्याला शोधावं लागतं, आणि या संगीतात निम्मं काम तेच आहे.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर आणतं. बोट घासलं, शेजारची तार नुसती थरथरली, तरी ते ठळक ऐकू येतं. शिवाय दोन सूर एकत्र गेले की डिस्टॉर्शन त्यांच्यातून नवे सूर काढतं. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३. त्यांच्या फरकातून निघणारा सूर म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त षड्ज-पंचमाची जोडी, इतकी भरदार लागते. गंधार घातला की मात्र आवाज गढूळ होतो, कारण फ्रेटवरचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. पंचम जेमतेम २ सेंट उतरा असतो, तो खपून जातो.

आता एक रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी छोटी सुरावट, जवळून पाहू. डीप पर्पल या बँडचं १९७२ सालचं 'स्मोक ऑन द वॉटर'. पुष्कळ जण ते जाड तारांवर, पॉवर कॉर्डनी वाजवतात आणि ते जड, चिखलात रुतल्यासारखं वाटतं. मूळ रिफ चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर (मोजणी सर्वात बारीक तारेपासून) जोडीने आहे: मोकळ्या, तिसरा फ्रेट, पाचवा; मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा; मोकळ्या, तिसरा, पाचवा; मग तिसरा आणि मोकळ्या. म्हणजे पंचम खाली आणि षड्ज वर. तिसऱ्या फ्रेटवर तर्जनी आडवी, पाचव्यावर अनामिका, आणि सहाव्यासाठी तीच अनामिका पुढे सरकवा. पिक (तार छेडायची छोटी चकती) बाजूला ठेवा, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकदम ओढा. पिकने एक तार आधी आणि दुसरी नंतर वाजते; कानाला ते लगेच कळतं.

बोटं झटकन उचललीत, तर मोकळ्या तारा आपोआप छेडल्या जातात. आधी दाब सोडा, बोट तारेला नुसतं टेकलेलं ठेवा, आवाज थांबला की मगच उचला. रिफच्या दुसऱ्या तुकड्यात सूर ठोक्यावरून सरकून दोन ठोक्यांच्या मध्ये येतात. तिथे पायाने ताल धरा, नाहीतर हात पुढे पळतो.

पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने तारांचा आवाज दाबण्यासाठी, उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर (गिटारच्या पोटावर तारा टेकतात त्या पट्टीवर), जिथे तारा सुरू होतात नेमकी तिथे टेकवा. सेंटिमीटरभर पुढे गेलात की नुसता 'थड' आवाज उरतो, मागे राहिलात तर तार मोकळीच वाजते. जोर लावू नका. तरंगता, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा, ब्रिज असेल तर सूर चढतो. पाचव्या तारेवर पॉवर कॉर्ड धरताना तर्जनीचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकू द्या आणि तिचं पोट खालच्या बारीक तारांवर आडवं पडू द्या.

गेन, म्हणजे डिस्टॉर्शन कमीजास्त करायचं बटण, वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. मनासारखा लावा आणि मग तिथून थोडा खाली आणा. फक्त स्वच्छ टोनवर सराव करा असं सांगतात, ते मला अर्धंच पटतं. स्वच्छ टोनवर चुकलेलं बोट कळतं, गळका म्यूट कळत नाही. दोन्हीकडे वाजवून पाहा.

हा रिफ साधारण मिनिटाला ११२ ठोक्यांच्या लयीत आहे. सुरुवात ६५ ला करा. सलग पाच वेळा निर्मळ आला, तरच ४ ने वाढवा. अडलात तर पूर्ण रिफ परत परत घोळवू नका. ज्या दोन सुरांमध्ये हात अडखळतो, ते दोनच सूर मेट्रोनोमवर फिरवा, आणि प्रत्येक सुरानंतर एक ठोका पूर्ण शांत ठेवा. त्या ठोक्यात काही गुणगुणलं, तर कुठली तार सुटली आहे ते एकेका तारेवर बोट ठेवून शोधा.