ठेवीदारांची वही

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो,

ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे, त्यांना या भागात सगळे नानासाहेब म्हणत. मीही तेवढंच म्हणणार आहे. कोनशिलेवर किंवा फलकावर आपलं नाव घालायला त्यांनी हयातभर नकार दिला, तो इथंही पाळला जावा अशी माझी इच्छा आहे. ते राष्ट्रीयीकृत बँकेत होते. कारकुनीपासून सुरुवात केली, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि जिथं बदली होईल तिथल्या सेवाभावी क्लबचं काम करत राहिले. मी त्यांच्या हाताखाली बँकिंग शिकलो. नोकरी सांभाळून त्यांनी समाजसेवा केली, असं त्यांच्याबद्दल नेहमी बोललं जातं. मला ते पटत नाही. खातं कसं ठेवायचं हे त्यांनी बँकेत शिकून क्लबात नेलं, आणि माणूस कसा ओळखायचा हे क्लबात शिकून बँकेत आणलं. माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठेपण या ये-जा करण्यात आहे.

थोडं मागं जाऊ. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तोवर आपल्याकडच्या कापूसवाल्या, केळीवाल्या शेतकऱ्याला कर्ज म्हणजे एक तर सावकार, नाहीतर गावची सोसायटी. सोसायट्यांची सुरुवात १९०४ च्या कायद्यानं झाली. त्यांना पैसा पुरवण्यासाठी १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि वैकुंठभाई मेहतांनी आपल्या उमेदीची वर्षं त्या बँकेला दिली. पुढं ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले, पण नानासाहेबांना त्यांच्या मंत्रिपदाचं कौतुक नव्हतं. बँक चालवणं हीच देशसेवा मानणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, हे ते आम्हा नवख्या पोरांना आवर्जून सांगत.

१९७२ मध्ये ४ टक्के व्याजाची योजना आली. अगदी गरिबाला, तारण न मागता, छोटं कर्ज. बहुतेक शाखांत ही योजना म्हणजे डोकेदुखी मानली जाई, कारण सातबारा नाही, दागिना नाही, मग अर्जावर लिहायचं काय? नानासाहेब आठवडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बाजारात उभे राहत. चपला शिवणारा कोणाकडून चामडं घेतो, उधारी कधी फेडतो, हातगाडी स्वतःची आहे की भाड्याची, हे सगळं तिथंच कळतं, असं ते म्हणत. शिफारसपत्रावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. अर्जाच्या शेऱ्यात ते स्वतः काय पाहिलं ते लिहीत, आणि त्यांची वसुली चांगली होती.

आता क्लबाकडे वळतो. रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस वकील, बाकीचे तिघे म्हणजे एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता, एक शिंपी. परक्या शहरात एकमेकांना धरून राहावं, एकमेकांचा धंदा वाढावा, एवढाच सुरुवातीचा हेतू. पण दोनच वर्षांत, १९०७ मध्ये, त्यांनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट सुरू केली. लायन्सचंही तसंच. मेल्विन जोन्स हे विमा व्यावसायिक. व्यापाऱ्यांच्या मंडळांनी आपल्या नफ्यापलीकडे पाहावं, हे त्यांनी १९१७ मध्ये लावून धरलं. १९२५ मध्ये हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात आल्या आणि अंधांसाठी लढा असं आवाहन करून गेल्या. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या वर्गात मोतीबिंदूची शिबिरं झाली, त्यामागचा एक धागा त्या अधिवेशनापर्यंत जातो.

अशा संस्थेत आपसातला धंदा आणि सेवा यांची सरमिसळ होण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो. बँकेच्या माणसाला तर फारच. एका गावी क्लबमधल्या एका व्यापाऱ्यानं कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागितली. साप्ताहिक बैठकीत दोघं शेजारी बसणारे. नानासाहेबांनी प्रकरण नियमाप्रमाणे तयार केलं, आणि वर पाठवताना स्वतःच्या हातानं टीप जोडली: अर्जदार व मी एकाच संस्थेचे सभासद आहोत, तरी मंजुरीचा निर्णय वरिष्ठांनी घ्यावा. तशी टीप लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो व्यापारी काही दिवस रागावला. नंतर शिबिराला धान्य त्यानंच दिलं, आणि त्याची पावती नानासाहेबांनी त्याच दिवशी पोचवली.

मला जास्त बोलायचं आहे ते शिबिराबद्दल.

सत्तर-ऐंशीच्या दशकात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आजच्यासारखी नव्हती. डोळ्यातलं भिंग काढून टाकत. त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवणं आपल्याकडे सर्रास सुरू झालं ते नव्वदच्या दशकात. तोवर भिंग काढलेल्या माणसाला जाड काचेचा चष्मा लागायचा, साधारण दहा नंबरच्या आसपासचा. तो टाके भरून आल्यावर, पाच-सहा आठवड्यांनी, तपासून द्यायचा. चष्मा नाही मिळाला तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही माणसाला समोर नुसतं धूसर दिसणार.

नानासाहेब एकदा पीककर्जाच्या पाहणीला यावलकडच्या एका गावी गेले होते. केळीची बाग पाहून झाली, चहाला घरात बसले. ओसरीवर कर्जदाराचे वडील. त्यांचा डोळा मागच्या वर्षीच्या शिबिरात झालेला. हिरवी पट्टी सुटली, ते घरी आले, आणि पुन्हा कोणी विचारायला आलंच नाही. चष्म्यासाठी तालुक्याला जायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हातारा अंदाजानं भिंत धरून चालत होता. शिबिराच्या अहवालात मात्र हा डोळा ‘यशस्वी’ या रकान्यात मोजलेला होता.

त्या रात्री नानासाहेबांनी वही आखली. मी ती हाताळली आहे. लाल कापडी पाठीची, लांबट, बँकेच्या लेजरसारखी. अनुक्रमांक, नाव, गाव, कोणाच्या घराजवळ, कोणता डोळा, शस्त्रक्रियेची तारीख, तपासणीची देय तारीख, चष्मा दिल्याची तारीख, सही किंवा अंगठा. मी तेव्हा नवीन होतो, म्हणालो, हे तर आपलं कर्जखातंच झालं. ते म्हणाले, “कर्जदार नाहीत रे हे, ठेवीदार आहेत. त्यांनी डोळा आपल्याकडे ठेवलाय. मुदत संपली की परत करायचं काम आपलं.”

ही गोष्ट माझ्या मनात कायमची बसली. आपण सेवा करतो तेव्हा घेणाऱ्यानं आपलं देणं लागावं असं आपल्याला नकळत वाटत असतं. नानासाहेबांच्या वहीत देणं क्लबच्या नावावर होतं. चष्म्याची तारीख रिकामी दिसली की ती क्लबची थकबाकी. मार्चअखेरीला बँकेत थकीत खात्यांची यादी काढतात, तशी ते क्लबच्या बैठकीत रिकाम्या रकान्यांची यादी वाचत, आणि एकेका सभासदाला एकेक गाव देत. आधी पोस्टकार्ड जाई. पोस्टकार्डाला उत्तर आलं नाही तर सभासद सायकलनं किंवा एसटीनं जाई. डॉक्टर, वकील, कापडवाले, सगळे गेलेले आहेत. काहींनी पहिल्यांदाच त्या गावांचे रस्ते पाहिले.

शिबिरातही बँकच दिसायची. तेव्हा आमच्याकडे चेक दिला की पितळी टोकन मिळायचं आणि त्या आकड्यावर खिडकीतून पैसे. गर्दीत रोगी बदलू नये, डावा-उजवा डोळा चुकू नये म्हणून त्यांनी पत्र्याची तशीच टोकनं करून घेतली. गळ्यात दोरीनं टोकन, आणि ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच्या भुवईवर चिकटपट्टी, तिच्यावर तोच आकडा. टेबलावर घेण्याआधी दोन माणसं आकडा मोठ्यानं वाचत. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात, हा बँकेचा नियम त्यांनी तिथं लावला.

पैसे उभे करण्याची त्यांची रीत अगदी आपल्या मातीतली. हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात भरीत-पुरीचा बेत ठरे. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लसूण-मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. जेवायला येणारा वर्गणी देई. दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी किती आणली, तेल किती लागलं, शिल्लक किती, हा हिशेब क्लबच्या फळ्यावर लागलेला असे. एकदा शिल्लक फारच थोडी राहिली. ती आहे तशीच लिहिली गेली.

चष्मा लावून बँकेत भेटायला आलेल्या एका आजींचं वाक्य मी विसरलेलो नाही. काउंटरच्या पलीकडून त्या म्हणाल्या, “भाऊ, आते माले बांधवरना माणूस वळखू येस.” नानासाहेबांनी त्यांना आधी बसवलं, मग वही मागवून रकान्यात त्यांचा अंगठा घेतला. काम पुरं झाल्याची नोंद राहिली होती.

बदली झाली की बँकेत चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, रोकड, मुद्रांक, सगळं मोजून, सही करून. त्यांनी क्लबचा चार्जही तसाच दिला. टोकनं किती, चष्मे किती, थकीत गावं कोणती. घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय ते गाडीत बसत नसत. त्यामुळेच ते गेल्यावरही काम थांबलं नाही. आपल्याकडे एका माणसाच्या जोरावर उभी राहिलेली कामं त्या माणसाबरोबर संपताना मी पाहिली आहेत, म्हणून या चार्ज देण्याला मी त्यांच्या शिबिरांइतकंच मानतो.

आज शस्त्रक्रिया बदलली. कृत्रिम भिंग बसतं, जाड चष्मा गेला, माणूस लवकर घरी जातो. तरी नंतरची तपासणी लागतेच, थेंब वेळेवर घालावे लागतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून तालुक्याला येणं आजही सोपं नाही. पोस्टकार्डाच्या जागी फोन आला, पण फोन लागला नाही तर जावंच लागतं.

या वर्षीच्या शिबिराची वही संयोजकांनी आज सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. देय तारीख उलटलेली नावं वेगळी काढली आहेत, चोपडा आणि यावल तालुक्यांतली जास्त आहेत. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे आणि येता रविवार मोकळा आहे, त्यांनी जाताना एकेक गाव आपल्या नावावर लिहून घ्यावं. धन्यवाद.