पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची का?

नमस्कार मंडळी, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे अडकलेल्यांना डबल नमस्कार, कारण तुमच्याकडे ऐकायला वेळच वेळ आहे. आजचा विषय जरा जड आहे पण आपल्या दारातलाच आहे. पोलिसाबद्दल तक्रार असेल तर ती ऐकायची कोणी?

आता होतं काय ते सांगते. ओळखीतला एक रिक्षावाला पोरगा, नाकाबंदीला हुज्जत झाली, कानाखाली बसली, वर रात्रभर बसवून ठेवला, स्टेशन डायरीत नोंद केली की नाही देव जाणे. आईनं हिंमत केली, वरच्या साहेबांच्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली. काही दिवसांनी फोन आला, आणि कुठून आला? तर त्याच पोलीस ठाण्यातून! "काय मावशी, आमच्यावर अर्ज केलाय म्हणे? या जबाब द्यायला." अर्ज वर गेला, त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडला आणि तो जिथून निघाला होता तिथेच परत आला. मावशी घाबरल्या, गेल्याच नाहीत. मग अशा वेळी कागदावर काय लिहितात ते ठरलेलंच असतं, अर्जदार जबाबास हजर राहिले नाहीत, सबब अर्ज दप्तरी दाखल. संपलं.

अहो आपण सोसायटीचं ऑडिट तरी सेक्रेटरीच्या मेव्हण्याकडून करून घेतो का? बाहेरचा ऑडिटर लागतो ना? आणि इथे तर लाठी, बेडी आणि पिस्तूल ज्यांच्या हातात आहे त्यांचा हिशेब आहे.

बरं, ही मागणी काही मोर्चेवाल्यांचीच नाहीये. सुप्रीम कोर्टात १९९६ साली याचिका घेऊन गेले ते प्रकाश सिंह, स्वतः उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक! २००६ मधे निकाल लागला, त्यात कोर्टानं सांगितलं की राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक पोलीस तक्रार प्राधिकरण करा, वर निवृत्त न्यायाधीश बसवा. आपल्या राज्यानं कायद्यात ते आणलं २०१४ मधे, म्हणजे आठ वर्षांनी, आणि जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला एक असं केलं. आता कोकण विभाग म्हणजे मुंबई ठाण्यापासून पार सिंधुदुर्गापर्यंत सगळे एकाच पंगतीत. शिवाय प्राधिकरणानं अहवाल द्यायचा सरकारला, पुढचं सरकार बघणार. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, पैसे उकळणं असल्या तक्रारी तिथे नेता येतात पण मला सांगा, तुमच्या बिल्डिंगमधे किती जणांना हे माहीत आहे? पोलीस ठाण्यात बोर्ड सगळे असतात, हा बोर्ड मला तरी कधी दिसला नाही.

आता बदलापूर. थोडं अवघड बोलणार आहे, रागावू नका. ऑगस्ट २०२४ मधे लोक रुळावर उतरले, दिवसभर लोकल बंद, का? तर शाळेत चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला आणि त्यांच्या आईबापांची तक्रार घ्यायला पोलिसांनी तासन् तास लावले म्हणून. राग अगदी बरोबर होता. पुढच्याच महिन्यात २३ सप्टेंबरला त्या अत्याचाराचा आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि काही जणांनी पेढे वाटले. म्हणजे ज्या खात्यावर साधा एफआयआर लिहून घेण्याइतका भरवसा नव्हता त्यांच्याच गोळीवर महिनाभरात पूर्ण भरवसा?? मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पोलिसांच्या म्हणण्यावर शंका आली आणि एप्रिल २०२५ मधे हायकोर्टाला त्या पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगावं लागलं. माझं म्हणणं एवढंच की खटला चालला असता तर निदान त्या पोरींच्या घरच्यांना सगळं काय ते कोर्टात कळलं असतं.

आणि बाहेरची चौकशी फक्त तुमच्याआमच्यासाठी हवी असं समजू नका हां. नवी मुंबई पोलिसातल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मधे गायब झाल्या. खून केलेला निघाला पोलीस निरीक्षकच, पण त्याला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला आणि मधल्या काळात साहेबांना राष्ट्रपती पदक मिळालं! पनवेलच्या कोर्टात जन्मठेप झाली २०२५ मधे. वर्दीतल्या बाईच्या घरच्यांना एवढी वर्षं झगडावं लागलं, तिथे रिक्षावाल्याच्या आईची काय कथा.

आता एक बाजू शिपायाची. बारा बारा तास ड्युटी, गणपतीत सुट्टी नाही, क्वार्टरला गळती, आणि कुठल्यातरी दादाच्या माणसाला सोडलं नाही की साईड पोस्टिंग. त्याला कसुरी काढून, म्हणजे कामात कसूर केल्याचा ठपका ठेवून, गप्प करतात आणि खरा आदेश देणारा वर बसलेला असतो. प्रकाश सिंहांच्या त्या निकालात बदल्या कोणाच्या फोनवर होऊ नयेत म्हणून वेगळं मंडळ सांगितलंय, अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं एका जागी ठेवा असंही आहे. बाहेरची चौकशी असेल तर चांगल्या हवालदारालाही सांगता येईल की साहेब, हे मी करणार नाही, उद्या मलाच विचारतील.

जाताजाता कामाचं. डिसेंबर २०२० मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपपासून ड्युटी ऑफिसरच्या खोलीपर्यंत कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवा, नाहीच जमलं तर निदान एक वर्ष. तर काही झालं तर तारीख वेळ लिहून ठेवा, लगेच लेखी अर्जात ते फुटेज जपून ठेवायची मागणी करा, आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखीच मागा.