नळीत उतरलेलं दूध

नमस्कार श्रोतेहो.

तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. छातीत घातलेल्या नळीतून पिवळसर पाणी येतंय, तेही कमी होत चाललंय. डॉक्टर म्हणतात, दूध सुरू करा. आणि दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी पांढरंशुभ्र! पाजलेलं दूध छातीत उतरलं की काय, असं आईला वाटतं. तिचं अगदीच चुकत नाही.

दुधातली बरीचशी चरबी आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. ती आधी लसिकेत, म्हणजे शरीरातल्या त्या पाण्यासारख्या रसात मिसळते. हा रस छातीतल्या एका नाजूक वाहिनीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत रिकामा होतो. 1622 साली इटलीत गास्पारो असेली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढरे धागे दिसले, ते याच चरबीमुळे. उपाशीपोटी या वाहिन्या जवळजवळ दिसतच नाहीत आणि ऑपरेशन तर उपाशीपोटीच होतं. तेव्हा वाहिनीला धक्का लागून लसिका छातीत गळू लागली तरी कळायचं कसं?

पण दर वेळी धक्काच कारण असतो असं नाही. हृदयाचा एकच कप्पा धड असलेल्या मुलांवर फॉन्टान शस्त्रक्रिया करतात. बोर्दोच्या फ्रान्सिस फॉन्टान यांनी ती 1968 मध्ये पहिल्यांदा केली. तिच्यानंतर शिरांमधला दाब चढाच राहतो, लसिका तुंबते आणि भलत्या वाटा धरते. आतड्यात झिरपली तर प्रथिनं शौचावाटे जातात. श्वासनलिकांत झिरपली तर तिथेच घट्ट होते आणि मूल झाडाच्या फांदीसारखे रबरी साचे खोकून बाहेर काढतं. बघणाऱ्याचा थरकाप उडतो.

छातीतली गळती पुष्कळदा पथ्यानं आणि औषधानं थांबते. पथ्य म्हणजे नेहमीची चरबी बंद आणि तिच्याऐवजी एमसीटी तेल, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं तेल, कारण ते लसिकेची वाट न धरता थेट रक्तात जातं. तेवढ्यानं भागलं नाही तर पूर्वी छाती उघडून वाहिनी बांधत. 1990च्या दशकात अमेरिकेत कॉन्स्टंटिन कोप यांनी सुईनं तिथवर पोचायची वाट काढली. पुढे फिलाडेल्फियात मॅक्सिम इटकिन आणि योआव डोरी यांनी ती हृदयरोगी मुलांसाठी वापरली.

जांघेतल्या लसिकेच्या गाठीत बारीक सुईनं औषध सोडून आधी एमआरआयवर लसिकेचा नकाशा काढतात. मग एक्स-रेखाली आयोडीन मिसळलेलं तेल सोडतात, आणि ते असतं चक्क खसखशीचं! वाहिनी उजळली की पोटावरून सुई घालून तिच्यात केसासारखी नळी सरकवतात आणि धातूची वेटोळी व गोंद वापरून गळती बुजवतात. तुटलेला कप चिकटवायला आपण जो झटपट गोंद वापरतो, त्याचाच हा भाऊबंद. तो नळीतच सुकू नये म्हणून आधी ती ग्लुकोजच्या पाण्यानं धुतात.

श्वासनलिकांत साचे होणाऱ्या 17 रुग्णांवर डोरी-इटकिन यांनी हा उपचार केला. 2016 मध्ये छापलेल्या त्या अनुभवात 15 जणांना चांगला फरक पडला होता, काहींना मात्र तात्पुरताच.

आणि नकाशा कधीकधी वेगळंच सांगतो. भोक कुठेच नसतं, सगळी लसिकाच उलटी तुंबलेली असते. अशा बाळाची मुख्य वाहिनी बंद केली तर अंगावरची सूज वाढते. तिथे हातातला गोंद खाली ठेवावा लागतो.

नमस्कार.