गंजाला विजेची आंघोळ

नमस्कार मंडळी.

जुन्या ट्रॅक्टरचा एखादा भाग हातात घेतला की लोखंड कुठे संपलं नि गंज कुठे सुरू झाला, कळतच नाही. त्यात वरून रंगाचे थर. लोक त्यावरच आणखी एक हात मारून मोकळे होतात. विकायला काढलेला ट्रॅक्टर फार चकचकीत दिसला, तर मी आधी खाली वाकून बघतो. नवा रंग कशावर बसलाय ते बघावंच! असो.

आज हा गंज आणि रंग विजेने कसा उतरवायचा ते सांगतो. लागतं काय? प्लास्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर आणि साध्या लोखंडाची सळई. दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा. मीठ मात्र घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो.

आता नीट ऐका. चार्जरचा काळा, म्हणजे वजा चिमटा गंजलेल्या भागाला. लाल, म्हणजे अधिक चिमटा सळईला. पुन्हा सांगतो, काळा भागाला, लाल सळईला. उलट जोडलंत तर सळई शाबूत राहील आणि तुमचा भाग झिजेल. दोघांना पाण्यात एकमेकांना टेकू द्यायचं नाही, आणि लाल चिमटा पाण्याच्या वरच ठेवायचा.

यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सगळी हयात ट्रॅक्टरखाली गेलेली. भाचा त्यांच्याच हाताखाली काम करतो. एक जुना ट्रॅक्टर कामाला आला, मागचे दोन्ही लोअर लिंक, म्हणजे अवजार जोडायचे खालचे दांडे, गंजून तांबडे झालेले. भाचा म्हणाला, ‘‘मामा, डावा तुम्ही करा, उजवा मी करतो.’’ मामांनी ग्राइंडर उचलला. ठिणग्या, धूळ, कानठळ्या. पण दांडा लखलखीत! मग हात पुसत भाच्याच्या टबाशी आले. पाण्यावर बारीकसा फेस, बाकी काही नाही. ‘‘सोडावॉटर पाजतोस काय रे त्याला?’’ भाचा गप्प.

संध्याकाळी त्याने चार्जर बंद केला, दांडा बाहेर काढला आणि ब्रशने घासला. रंगाची सालपटं निघाली, खड्ड्यांतला गंज गेला, कारखान्यात ठोकलेले आकडे वाचता यायला लागले. मामांच्या दांड्यावरचे आकडे ग्राइंडरने केव्हाच पुसले होते. पण या उजव्या दांड्यावर, आकड्यांच्या वीतभर पुढे, रंगाबरोबर लांबीही, म्हणजे रंगाखाली भरतात ती पुट्टी, सुटून आली आणि खालून निघाला एक ओबडधोबड वेल्डिंगचा सांधा!

मामांना चेव चढला. ‘‘बघा! कुण्या गाढवाने जोडलंय हे? आणि वर लांबी फासून झाकलंय. असल्यांच्या हातात रॉड देऊच नये!’’

ट्रॅक्टरचे मालक दाराशीच बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुम्हीच केलंत ते. ऐन पेरणीत दांडा मोडला होता, रात्री उठून आलात. लांबी कशाला विचारलं, तर म्हणालात, दिसायला बरं.’’

मामा सांध्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘तरीच! म्हटलं एवढी वर्षं टिकला कसा!’’

हं, वेळ थोडा राहिलाय, तेव्हा भराभर सांगतो. ते बुडबुडे म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एका ठिणगीने भडका उडेल. काम उघड्यावर करा, जवळ विडीकाडी नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद. आधी बंद, मग चिमटे. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. ॲल्युमिनियमचा भाग या पाण्यात घालू नका, तो खराब होतो. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत. हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात. सळईच्या समोरची बाजू लवकर साफ होते, म्हणून भोवती दोन-तीन सळया ठेवा, नाहीतर भाग फिरवत राहा.

काही नवे चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. यंत्राला एवढी अक्कल कशाला हवी, हे मला आजवर उमगलेलं नाही! मला तर जुना, जाडजूड, नुसता गुणगुणणारा चार्जरच आवडतो.

भाग बाहेर काढला की धुवा, वरचा काळा थर घासा, पूर्ण कोरडा करा आणि लगेच प्रायमर मारा. लगेच म्हणतोय, उद्या नाही. उघडं लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस पडतं. आणि टबाच्या तळाचा गाळ शेतात किंवा गटारात ओतू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

नमस्कार.